वायरमनचा उपास

आमच्या कुत्र्याचं नाव वायरमन. हे नाव मी ठेवलं नाही, त्यानं ते कमावलं.

निरवांगीला आमचं रान नीरा नदीच्या अंगाला. मोटारीच्या पेटीशेजारच्या बाभळीला मी एक लाल झिरोचा बल्ब टांगून ठेवला होता. लाईट आली की बल्ब लागायचा आणि घरातनं दिसायचा. शेतीची लाईट म्हणजे मानपानाचा जावई. येते म्हणाली तेव्हा येत नाही, आणि आली की हातातलं टाकून तिच्यामागं पळावं लागतं. तर त्या बल्बावर नजर ठेवायचं काम ह्या कुत्र्यानं पिल्लू असतानाच अंगावर घेतलं. बल्ब लागला की एकदा भुंकायचा. एकदाच. मी बूट चढवायचो, बॅटरी उचलायचो आणि बटन दाबायला निघायचो. तो पुढं, मी मागं. मोटार बंद झाली की बांधावर बसून भाकरी सोडायची, अर्धी त्याची, अर्धी माझी.

पुढं पुढं त्याला बल्ब लागायच्या आधीच कळायला लागलं. करंट इंदापुरातनं निघाला की ह्याचे कान निरवांगीत उभे राहायचे. गावचा खरा वायरमन मला फोन करायचा, "आबा, आज लाईट कवा सोडणार हायेत? जरा कुत्र्याला इचारून सांगा की."

खोटं वाटत असेल तर वाटू द्या. पळसदेवाचं बुडालेलं देऊळ एका उन्हाळ्यात उजनीच्या पाण्यातनं वर आलं, तेव्हा गाभाऱ्यात मासे आरतीला ओळीनं उभे होते, हेही मी डोळ्यांनी बघितलंय आणि त्यावरही कोणी विश्वास ठेवला नाही. सावळारामाची, म्हणजे माझी, थाप म्हणून निरवांगीत म्हणच पडलीय. लोकांच्या विश्वासावाचून माझं कधी काही अडलं नव्हतं. बारामतीला अडलं.

झालं असं, माझ्या छातीत एकदा कळ आली. दीपक, आमचा पोरगा, बारामतीत कारखान्यात सुपरवायझर. त्यानं तिथं तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला होता, वास्तुशांत झाली होती. तो म्हणाला, आबा, आता रान बिरूला वाट्यानं द्या आणि दोघंही इकडं या. बिरू माझा पुतण्या. मी म्हणालो, दोघं न्हाय, तिघं. पुढं त्याची बायको उत्कर्षा फोनवर मैत्रिणीला सांगत होती ते मला ऐकू गेलं. "अगं, कुत्रं पण आहे," असं ती म्हणाली, आणि मग बराच वेळ नुसतं "हो ना, हो ना."

छोटा हत्ती टेंपोत सामान भरलं. गादीच्या वळकटीवर वायरमन बसला तो बारामतीपर्यंत मागं तोंड करून. लिफ्टमध्ये पाय ठेवीना, म्हणून दोघं जिन्यानं चढलो. दारात प्रयागनं, म्हणजे आमच्या मंडळींनी, नव्या जनावराच्या पायावर घालतात तसं त्याच्या पायावर तांब्यानं पाणी घातलं, भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. उत्कर्षानं मागनं फरशी पुसून घेतली.

वायरमननं घर हुंगलं. स्वयंपाकघर, गॅलरी, न्हाणी. आणि हॉलच्या कोपऱ्यात देव्हाऱ्यासमोर येऊन थबकला. कान उभे. एकदा भुंकला आणि खाली बसला, देवाकडं तोंड करून.

"बगा," प्रयाग पदर डोळ्याला लावत म्हणाली, "मुक्या जनावराला बी कळतं."

त्या संध्याकाळी त्यानं भाकरीला तोंड लावलं नाही. जागा नवी आहे, मी म्हणालो. दुसऱ्या दिवशीही लावलं नाही. दूध ठेवलं, त्यावर साय धरली, साय पिवळी पडली. पाणी तेवढं प्यायचा. सकाळ-संध्याकाळ जिन्यानं खाली न्यायचो, तो घाईघाईनं उरकायचा आणि मला ओढत वर आणायचा, जणू वर कोणाला तरी एकटं टाकून आलाय. आला की पुन्हा देव्हाऱ्यासमोर. झोपायचाही नाही. बसल्या बसल्या मान लवंडायची, की दचकून सरळ व्हायचा.

बिल्डिंगचे चेअरमन दादासाहेब आले ते ह्याच सुमाराला. निवृत्त गृहस्थ, हातात सोसायटीच्या किल्ल्यांचा जुडगा. आधी वॉचमनवर घसरले. तो पहाटे मोटार लावायला उठत नाही, टाकी भरत नाही, सगळी बिल्डिंग तोंड धुवायची थांबते. मग घसा खाकरला.

"आबासाहेब, इथं कुत्रं चालत नाही. तसा ठराव झालेला आहे."

आता बघा, माझ्या जिभेला लगाम नाही. ती माझ्या आधी बोलते.

"त्ये कुत्रं न्हाय दादासाहेब," मी म्हणालो. "भगत हाय. देवाला बसलाय. उपास धरलाय त्यानं."

दादासाहेबांनी वाकून बघितलं. कुत्रं देवासमोर पुतळ्यासारखं, शेजारी दूध न शिवलेलं. ते बघता बघता त्यांच्या पायातल्या चपला निघाल्या. "कधीपासून?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

"ह्या घरात पाऊल टाकल्यापासनं."

"पाण्यावर?"

"निस्त्या पाण्यावर."

त्यांनी हात जोडले. कुत्र्याला की देवाला, ते त्यांनाही ठरवता आलं नसावं. ठरावाचं नाव पुन्हा निघालं नाही, आणि मी स्वतःवर खूष होऊन चहा मागितला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात बायकांच्या चपला. खालच्या मजल्यावरच्या, समोरच्या बिल्डिंगच्या. कोणी नारळ आणला, कोणी पेढे. एकीनं वायरमनच्या कपाळावर गंध लावलं. त्यानं मान हलवली नाही. पूर्वीचा असता तर हात तोडला असता. कुत्रं सोसतंय म्हणजे त्याच्यात सोसण्यापुरतंच काही उरलंय.

त्याच्या फासळ्या दिसायला लागल्या. मी त्याच्यासमोर भाकरी कुस्करली, गूळ लावला, शेवटी बाजारातनं मटणाचं हाड आणलं. देव्हाऱ्यासमोर हाड बघून प्रयागनं माझी शोभा केली ती वेगळीच. वायरमननं हाडाकडं बघितलं, त्याच्या जिभेवरनं लाळ गळली, आणि त्यानं तोंड फिरवलं. भूक होती! भूक होती आणि खात नव्हता. ते मला आजारापेक्षा भेसूर वाटलं.

जनावरांचे डॉक्टर घरी आले. पोट दाबलं, डोळ्यांच्या कडा बघितल्या, सलाईन लावलं. "आजार काहीच नाही," ते म्हणाले. "जुन्या घराची आठवण काढत असेल. पण असंच राहिलं तर आतनं बिघडेल, मग माझ्या हातात काही राहणार नाही."

दीपक ते ऐकत उभा होता. डॉक्टर गेल्यावर म्हणाला, "आबा, रविवारी ह्याला निरवांगीला सोडून येऊ. बिरूदादा बघेल."

"बिरूची तीन कुत्री हायेत. ह्या असल्या अंगानं त्यांच्यात टाकला, तर बिरूला संध्याकाळी पुरावंच लागंल त्याला."

"मग इथं डोळ्यांदेखत मरू द्यायचं?"

"सोडायचा आसंल तर मला बी सोड," मी म्हणालो. "तितंच."

दीपकनं माझ्या छातीकडं बघितलं आणि तो कारखान्यावर निघून गेला. रविवारला तीनच दिवस उरले होते. हाताशी तेवढाच वेळ.

समोरच्या फ्लॅटमध्ये शबीना राहायची. तिच्या नवऱ्याची, गुलजारची, भिगवण रस्त्याला बेकरी. ती खारीचा पुडा घेऊन आली. दारात चपलांचा ढीग बघून बायका जाईपर्यंत थांबली, मग आत येऊन वायरमनपुढं उकिडवी बसली.

"आबा, ह्याचं मला कळंना झालंय. आमी रोजा धरतो, पण सूर्य मावळला की सोडतो. नायतर माणूस जगंल व्हय? ह्याचा सूर्य मावळायचा कवा?"

ती आपली सहज बोलली आणि खारी ठेवून उठली. मी मात्र बसल्या जागी गार.

मी वायरमनच्या मागं गेलो, गुडघे टेकले, आणि त्याच्या डोक्यामागनं, तो बघत होता तिकडं बघितलं. देव नव्हते दिसत. देवांच्या वर, देव्हाऱ्याच्या कमानीत, उत्कर्षानं वास्तुशांतीला लावलेला लाल झिरोचा बल्ब होता. तो दिवसरात्र जळत होता.

लाईट हाय तवर काम, लाईट गेली की भाकर. ही शिस्त मीच लावली होती त्याला. पिल्लू असताना मी पाणी फिरवत असलो की हा बांधावरचं फडकं सोडून भाकरी फस्त करायचा. तेव्हा मी वेताची छडी घेऊन शिकवलं, बल्ब जळतोय तोवर खायचं नाही आणि झोपायचं नाही. आणि ह्या घरात लाईट जातच नव्हती. माझ्या कुत्र्याला आयुष्यात कामाची इतकी मोठी पाळी कधी आली नव्हती. तो मोटारीवर राखणीला बसला होता, मी येऊन बटन बंद करीन म्हणून वाट बघत, आणि मी लोकांना त्याचा उपास सांगत होतो.

मी उठलो आणि दारामागच्या पेटीतलं मेन बटन खाली पाडलं. पंखा थांबला, फ्रिज गप्प झाला. बल्ब जळतच. उत्कर्षा आतनं ओरडली, "आबा, काय केलंत? देवाचा दिवा इन्व्हर्टरवर आहे, तो नाही जायचा, पण माझा मिक्सर गेला ना!"

मी देव्हाऱ्याच्या बटनाकडं हात नेला. प्रयागनं मनगट धरलं.

"येडं लागलंय का? सव्वा महिना दिवा आखंड ठेवायचा बोललीय मी. तुमच्या छातीसाठी बोललीय. मालवायचा म्हन्ता?"

"अगं, त्यो देव बघत न्हाय, बल्ब बघतोय. बाभळीवरचा बल्ब आठव! लाईट हाय म्हणून उपाशी हाय त्यो. खरं सांगतोय."

"तुमी?" ती म्हणाली. "खरं?"

उत्कर्षा पदराआड हसली. मी दीपकला फोन लावला, तो म्हणाला, "आबा, आता कुत्र्यावर पण गोष्ट रचली का? मी प्रॉडक्शन लाईनवर आहे, नंतर बोलतो." दादासाहेबांना गाठलं, तर त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मन घट्ट करा आबासाहेब. त्याचं व्रत आहे, मोडू नका. शनिवारी संध्याकाळी आपण सगळे आरतीला येतोय."

जन्मभर थापा खपल्या, आणि खरं बोलायला गेलो तर गिऱ्हाईक नाही.

चोरून मालवावा, तर प्रयाग देव्हाऱ्यापाशीच अंथरूण घालून झोपायची. मी गॅलरीतनं बघत राहायचो. वायरमन आता बसू शकत नव्हता. आडवा झाला होता, हनुवटी फरशीवर, डोळे मात्र वर. त्याचं पोट हलतंय का ते मी बघायचो. हललं की पुन्हा हलेपर्यंत बघायचो.

शनिवारी संध्याकाळी हॉल भरला. आरती झाली, कापूर फिरला. लोक वायरमनला वळसा घालून पाया पडत होते. त्याला उठवून खाली नेता आलं नव्हतं सकाळपासून. दादासाहेब म्हणाले, "आबासाहेब, दोन शब्द बोला."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. खरं ह्यांना चालत नव्हतं. ठीक आहे, म्हटलं.

"पळसदेवाचं जुनं देऊळ उजनीच्या पाण्यात का गेलं, ठाऊक हाय का कुणाला?" मी म्हणालो.

"धरण झालं म्हणून," दादासाहेब म्हणाले.

"धरण निमित्त हो. आतली गोष्ट येगळी हाय. तितल्या लोकांनी देवाला नवस केला, दिवा म्हणून मालवणार न्हाय. दिस न्हाय, रात न्हाय. शेजारती बंद. आता देव झाला तरी त्याला झोप नको? डोळ्यावर उजेड, डोळा लागंना. आणि देव जागा, तर भगतानं जेवायचं कसं? पुजारी उपाशी, गुरव उपाशी. शेवटी देव म्हणाला, ह्यांच्यात ऱ्हाऊन झोप मिळायची न्हाय. गेला पाण्याखाली. अंधार, गारवा, वर मासं. उन्हाळ्यात तेवढा डोकं वर काढून बघतो, दिवं मालवलं का म्हणून."

कोणी हसलं नाही. एक म्हातारी मान डोलावत होती. मी देव्हाऱ्याकडं बोट केलं.

"ह्या देवाला बी वास्तुशांतीपासनं झोप न्हाय. आणि त्यो झोपल्याबिगार हा उठायचा न्हाय. शेजारती करू. देवाला निजवू. सकाळी काकड आरतीला पुन्हा लावू दिवा, मी सोता लावतो."

दादासाहेब विचारात पडले. "मुद्दा आहे खरा," ते म्हणाले.

पण बटनापुढं प्रयाग उभी होती. आणि पळसदेव तिचं माहेर. तिचं बालपण त्या देवळाच्या गोष्टींत गेलेलं.

"माझ्या आईनं," ती सावकाश म्हणाली, "आसलं कवाच सांगितलं न्हाय."

वायरमनच्या श्वासाची घरघर ऐकू येत होती. मी पुढं बोलायला गेलो आणि शब्द फुटेना. असं मला आजवर झालं नव्हतं. बोट अजून देव्हाऱ्याकडं होतं, ते थरथरत होतं. मी ते दुसऱ्या हातानं धरलं, तर दोन्ही हात थरथरायला लागले.

प्रयागनं माझ्या तोंडाकडं बघितलं नाही. हातांकडं बघितलं. मग डोक्यावर पदर घेतला, देवांवर रुमाल पांघरला, बारीक आवाजात शेजारती म्हणायला लागली. बायकांनी सूर धरला. शेवटच्या ओळीला तिनं देवांची माफी मागितली आणि बटन दाबलं.

बल्ब गेला.

काही झालं नाही. वायरमन तसाच पडून. दादासाहेबांनी माझ्याकडं बघितलं, मी खाली बघितलं. उशीर झाला, माझ्या मनात आलं. आपण बटन बंद करायला उशीर केला.

मग त्याचा एक कान हलला.

तो उठायला गेला, मागचे पाय फाकले, पडला. पुन्हा उठला. माणसांच्या पायांतनं वाट काढत माझ्यापाशी आला आणि माझ्या सदऱ्याचा खिसा हुंगला. भाकरी खिशातच होती, मी रोज ठेवत होतो. गॅलरीच्या उंबऱ्यावर मी बसलो, बांधावर बसायचो तसा, पाय खाली सोडून. भाकरीचे दोन तुकडे केले. माझ्या तुकड्यातला पहिला घास मी खाल्ला, कारण रानात तसंच चालायचं. तेव्हा त्यानं त्याचा घेतला. चावायला त्याला फार वेळ लागला. मी प्रत्येक घास मोजत नव्हतो, पण गिळताना त्याचा गळा हलायचा तेवढ्यापुरता माझाही हलत होता.

अर्धी संपली तशी त्यानं माझ्या अर्ध्याकडं बघितलं. तीही दिली. शबीनानं दूध आणलं. ते पिऊन तो माझ्या पायावर डोकं टाकून झोपला आणि घोरायला लागला. मागं हॉलमध्ये दादासाहेब "उपास सुटला, उपास सुटला" करत पेढे वाटत होते. प्रयाग माझ्याजवळ येऊन वाकली.

"थाप हुती न्हवं ती?" तिनं कानात विचारलं.

"कुठली?" मी म्हणालो.

दीपक कारखान्यातनं आला तेव्हा दार उघडंच होतं. त्यानं झोपलेल्या कुत्र्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि गाडीची किल्ली खिळ्याला अडकवली. रविवारचं नाव त्यानं काढलं नाही.

रविवारी उजाडता उजाडता, मी उठायच्या आधीच, प्रयागनं काकड आरतीला दिवा लावला. वायरमन भुंकला. एकदाच.

मी ताडकन उठलो, बूट चढवले, बॅटरी घेतली आणि दारापर्यंत आल्यावर ध्यानात आलं, की आपण निरवांगीत नाही. पण वायरमनला ते सांगणार कोण? तो दारात शेपूट हलवत उभा होता, पायात अजून पुरतं बळ नसताना. दार उघडलं. जिन्यानं तो पुढं, मी मागं, प्रत्येक मजल्यावर दोघंही थांबत, धापा टाकत. खाली पार्किंगमध्ये वॉचमन खाटेवर तोंडावर चादर घेऊन मेल्यासारखा झोपलेला. वायरमन त्याला ओलांडून थेट कोपऱ्यात गेला. तिथं सोसायटीची पाण्याची मोटार होती, आणि भिंतीवर स्टार्टरची पेटी. तिच्यावर बारका लाल दिवा जळत होता. येता-जाता त्यानं ते कधी हेरून ठेवलं होतं, तोच जाणे.

मी बटन दाबलं. मोटारीनं हुंकार दिला, पाइप थरथरला, वर टाकीत पाणी पडायला लागलं. वायरमन मोटारीशेजारी बसला, छाती पुढं काढून. मी त्याच्या बाजूला एका विटेवर.

तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतनं प्रयाग ओरडली, "अवो, च्या गार हुतोय! या की वर!"

"थांब की जरा," मी खालनं म्हणालो, "अजून लाईट हाय."